एक बलवान की अनेक लहान? मायक्रोप्रोसेसरची गोष्ट

मागच्या व्याख्यानानंतर एकाने मला विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत. आता चिपवर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. (हशा) चिप कशी बनवतात हे मी सांगणार नाही, तो इंजिनिअर मंडळींचा प्रांत. पण मायक्रोप्रोसेसरच्या इतिहासात एक जुना प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. काम मोठं असेल तर एक बलवान गडी शोधायचा, की पुष्कळ लहानांना एकत्र आणायचं? या प्रश्नावर मी बोलू शकतो. आणि तुमच्यासमोर तर जास्तच मोकळेपणाने, कारण तुम्ही सगळ्यांनी रापण पाहिलेली आहे.

आधी प्रोसेसर म्हणजे काय ते पाहू. तो स्मृतीतून एक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो, ती पाळतो आणि पुढची उचलतो. बस्स, एवढंच. मात्र हे तो सेकंदाला लाखो-कोट्यवधी वेळा करतो. आणि त्यासाठी त्याला लागतात विजेची बटणं, चालू किंवा बंद होणारी.

सुरुवातीला ही बटणं म्हणजे व्हॅक्यूम ट्यूब होत्या. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली आपल्याच लोकांनी बांधलेला संगणक सुरू झाला. पुढे १९६२ मध्ये त्याचं नाव 'टिफ्रॅक' ठेवलं गेलं. त्यात सुमारे २,७०० ट्यूब होत्या आणि त्याची मुख्य चौकट होती अठरा फूट लांब. आता अकरा वर्षं पुढे या. नोव्हेंबर १९७१ मध्ये इंटेल कंपनीने '४००४' हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. त्यात २,३०० ट्रान्झिस्टर होते, आणि तो मावत होता बोटाच्या नखावर. दोघांच्या क्षमतेची तुलना नको, एक ४० बिटांचा आणि दुसरा ४ बिटांचा. पण बटणांची संख्या बघा. खोलीभर पसारा नखावर आला.

हा ४००४ जन्मला तो एका जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी. त्या बुसिकॉम कंपनीला ठरावीक कामाच्या वेगवेगळ्या चिपा हव्या होत्या. इंटेलच्या टेड हॉफ यांनी सुचवलं की, एकच सर्वसाधारण चिप करू, आणि तिने काय करायचं ते स्मृतीतल्या आज्ञा ठरवतील. फेदेरिको फाजिन, स्टॅन मेझर आणि मासातोशी शिमा यांनी ती कल्पना प्रत्यक्षात उतरवली.

त्यानंतर वीस-तीस वर्षं 'एक बलवान' हाच मार्ग चालला. १९७६ मध्ये '८०८५' आला. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तो घोकलाय. त्यात ६,५०० ट्रान्झिस्टर. १९७८ च्या '८०८६' मध्ये २९,०००. १९९३ च्या पेंटियममध्ये ३१ लाख. त्या पेंटियमच्या कामात पुढे असलेले विनोद धाम हे पुण्यात जन्मलेले. चिपवरची बटणं साधारण दर दोन वर्षांनी दुप्पट होत जातील, हा गॉर्डन मूर यांचा अंदाज. तो खरा ठरत गेला आणि बटणांबरोबर वेगही वाढत गेला.

आता आपल्या पुण्याकडे वळू. १९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता, मुख्यतः पावसाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी. तेव्हा नाव होतं अमेरिकेच्या क्रे कंपनीचं. पुष्कळ वाटाघाटींनंतर अमेरिकेने हवामानाच्या कामासाठी एक यंत्र दिलं, तेही अटी घालून. त्याहून ताकदवान यंत्र मात्र दिलं नाही. म्हणजे बलवान गडी मिळणार नव्हता. मग १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली. प्रमुख होते विजय भटकर, अकोला जिल्ह्यातले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली. बाजारात मिळणारे लहान प्रोसेसर घ्यायचे आणि त्यांना एकाच कामाला जुंपायचं. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, ६४ प्रोसेसरांचा.

हे प्रोसेसर होते 'ट्रान्सप्युटर', ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे. त्यांची खुबी अशी की, प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे दिलेले होते. चार हात म्हणा. आणि त्यांच्यासाठी जी भाषा रचली तिचं नाव 'ऑकम'. हे नाव चौदाव्या शतकातल्या एका तत्त्वज्ञाचं! गरज नसताना गोष्टी वाढवू नका, या विचाराशी त्याचं नाव जोडलेलं आहे. तेव्हा मास्तर चिपवर का बोलतोय, ते आता कळलं असेल. (हशा)

रापण आठवा. होडी जाळं टाकत अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं दोन बाजूंनी ओढतात. ह्या एकट्याचा काम न्हय, असं आपले लोक म्हणतात ते उगाच नाही. पण होडीला फेरी मारायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. किनाऱ्यावर शंभर माणसं उभी केलीत म्हणून होडी लवकर परतत नाही. संगणकात हाच नियम जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडला. समजा काम दहा तासांचं आहे, आणि त्यातला एक तास वाटून देता येत नाही. मग हजार प्रोसेसर लावा, एक तास लागणारच. म्हणजे दहापटीपेक्षा जास्त फायदा नाही. शिवाय एका बाजूने जोरात ओढलं आणि दुसरी ढिली राहिली, तर मासे निसटतात. तेव्हा पुष्कळांना एकत्र आणणं सोपं नव्हे, ती स्वतंत्र विद्या आहे. पुण्याच्या मंडळींना ती नाइलाजाने शिकावी लागली.

आता गंमत पाहा. २००४ च्या सुमाराला बलवान गड्याची दमछाक झाली. कारण उष्णता. बटण प्रत्येक वेळी चालू-बंद होताना थोडी वीज खातं. पूर्वी बटण लहान केलं की त्याला लागणारा विजेचा दाबही कमी करता येई, म्हणून निभावत होतं. पण पुढे बटणं इतकी बारीक झाली की बंद असतानाही वीज झिरपू लागली, वॉशर झिजलेल्या नळासारखी. दाब आणखी कमी करता येईना. वेग वाढवावा तर चिप तापणार. इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियमचा बेत २००४ मध्ये सोडून दिला आणि पुढच्या वर्षी एकाच चिपवर दोन प्रोसेसर बसवून विकायला काढले. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये बहुधा आठ आहेत. पुण्याने अडचणीत धरलेली वाट, साऱ्या जगाला धरावी लागली.

एवढ्यावर टाळ्या वाजवून घरी जाता येईल, पण ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. रापण आपली होती, दोर ओढण्याची विद्या आपली होती, पण जाळं विकत आणलेलं होतं. परममधले प्रोसेसर परदेशी होते. ते जाळं स्वतः विणण्याचे प्रयत्न झालेले आहेत. पवईच्या आयआयटीत प्रा. माधव देसाई यांच्या गटाने 'अजित' हा मायक्रोप्रोसेसर रचला, २०१९ मध्ये तो जाहीर झाला. चिप बनली चंडीगढजवळ मोहालीला, १८० नॅनोमीटर तंत्राने. हे तंत्र जगात वीस वर्षं जुनं झालेलं होतं. काही जण त्याला हसले. मला ते हसणं पटत नाही. विजेच्या मीटरला किंवा पंपाच्या नियंत्रकाला मोबाईलएवढा वेग लागतच नाही. आणि स्वतः रचलेल्या चिपमध्ये आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

शेवटी एका मुलीने चिठ्ठी पाठवली आहे: "सर, मग आम्ही कुठून सुरुवात करायची?" बाळ, ८०८५ पासून कर. तो जुना आहे, पण अख्खा समजतो. आजचा प्रोसेसर एका माणसाच्या डोक्यात मावत नाही. जे पूर्ण समजलं आहे असं निदान एक यंत्र प्रत्येकाच्या पदरी असावं. पुढचं ओढायला मग सोबत मिळते.