घरचं सर्च इंजिन नेमकं काय लपवतं?

स्वतःचं सर्च इंजिन चालवायचं म्हणजे घरात अख्ख्या इंटरनेटची प्रत साठवायची, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. प्रत्यक्षात ‘सर्क्स-एनजी’सारख्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरकडे वेबपानांची स्वतःची सूची नसतेच. तुमचा प्रश्न ते गूगल, बिंग, डकडकगो, विकिपीडिया अशा अनेक ठिकाणी विचारतं, आलेली उत्तरं एकत्र करतं, दुबार नोंदी गाळतं आणि यादी तुमच्यापुढे ठेवतं. एवढ्या कामाला रास्पबेरी पायसारखा छोटासा संगणकही पुरतो. खरोखर स्वतःची सूची बनवणारं ‘यासी’ २००३पासून आहे. वापरकर्त्यांचे संगणक मिळून ती तयार करतात. प्रयत्न कौतुकाचा, पण रोजच्या शोधाला ती तोकडी पडते.

दुसरी समजूत जास्त चकवणारी: ‘सर्व्हर माझा, म्हणजे गूगलला मी दिसत नाही.’ हे अर्धंच खरं. तुमच्या ब्राउझरमधल्या कुकीज आणि लॉगिन गूगलपर्यंत जात नाहीत, हा फायदा मोठाच. पण विचारणा जाते ती तुमच्याच घरच्या आयपी पत्त्यावरून. एकटेच वापरत असाल, तर त्या पत्त्यावरून आलेला प्रत्येक प्रश्न तुमचाच! म्हणजे कोणालाही हात लावू न दिलेला सर्व्हर या बाबतीत उलट कमी खासगी ठरतो. चार नातलग, मित्र तोच वापरू लागले की कोणता प्रश्न कोणाचा, हे ओळखणं अवघड होतं. आणि निकालातल्या दुव्यावर टिचकी मारलीत की पुढच्या संकेतस्थळाला तुम्ही नेहमीसारखेच दिसता.

मग दुसऱ्याने चालवलेला सार्वजनिक सर्व्हर बरा का? तिथे गूगलला पत्ता त्या सर्व्हरचा दिसतो, पण तुमचे प्रश्न तो चालवणाऱ्याला दिसू शकतात. ‘ओपन सोर्स आहे, मग काळजी कसली?’ हा युक्तिवाद इथे लंगडा पडतो. मूळ कोड कोणीही वाचू शकतो. त्या सर्व्हरवर तोच चालतोय का, हे बाहेरून कळत नाही. सर्क्स-एनजीच्या एजीपीएल परवान्यानुसार बदललेला कोड वापरकर्त्यांना उपलब्ध करून देणं बंधनकारक आहे खरं, पण लॉग ठेवायला कोड बदलावा लागतोच कुठे? त्यामुळे घरच्यांत वाटून घेतलेला सर्व्हरच मला जास्त पटतो.

सॉफ्टवेअर तयार डब्यात बांधून देणाऱ्या ‘डॉकर’मुळे सर्क्स-एनजी बसवणं सोपं झालंय. बसवलं आणि विसरलं, असं मात्र होत नाही. जानेवारी २०२५मध्ये गूगलने शोधासाठी जावास्क्रिप्ट सक्तीची केली आणि केवळ गूगलवर विसंबलेलं ‘व्हूगल’ हे अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर अडचणीत आलं. सर्क्स-एनजीला इतर इंजिनांचा आधार असतो, तरी अपडेट घेत राहावंच लागतं.

बाहेर असताना मोबाइलवरून वापरता यावं म्हणून सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. बॉट तो हुडकून काढतात, त्यांच्या शोधांचा मारा तुमच्या पत्त्यावरून होतो आणि मग गूगल घरातल्या सगळ्यांनाच ट्रॅफिक सिग्नलची चित्रं ओळखायला बसवतं. त्यापेक्षा ‘वायरगार्ड’ या व्हीपीएनने मोबाइल घरच्या नेटवर्कला जोडून घ्या. ब्रॉडबँड कंपनीने स्वतंत्र पब्लिक आयपी दिला नसेल, तर ‘टेलस्केल’ या तशाच सेवेने काम भागतं.