बोली-लिप्यंकन आणि ऐकण्याचे साधन : हेडफोन, परिवर्तक व विवर्धक यांची सांगड

१. प्रास्ताविक

वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट आणि समुद्रपूर या आठ तालुक्यांच्या वर्धा जिल्ह्यातील मराठीवर वऱ्हाडी-नागपुरी बोलीपरंपरेचा स्पष्ट ठसा आहे. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नमुने प्रामुख्याने लेखी स्वरूपात गोळा झाले होते. आज परिस्थिती पूर्णतः बदलली आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोली-सर्वेक्षण प्रकल्पातील ध्वनिमुद्रणे संकेतस्थळावर ऐकता येतात. महाविद्यालयातील भाषाविषयाचा विद्यार्थी गावात जाऊन भ्रमणध्वनीवर मुलाखत ध्वनिमुद्रित करतो आणि नंतर हेडफोन लावून तिचे लिप्यंकन करतो.

या प्रक्रियेत मुद्रणयंत्राची नोंद संशोधन अहवालात आवर्जून केली जाते. ज्या साधनावर मुद्रण ऐकले त्याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः लिप्यंकनकार बोली ऐकत नाही, तो हेडफोनमधून बाहेर पडणारा ध्वनी ऐकतो. हा ध्वनी सदोष असेल तर दोष सामग्रीत उतरतो आणि पातळी अवाजवी असेल तर इजा कानाला होते. प्रस्तुत लेखात परिवर्तक, विवर्धक आणि हेडफोन यांची सांगड कशी घालावी याचे विवेचन केले आहे. ही सांगड किमतीवर अवलंबून नसून काही मोजक्या आकड्यांवर अवलंबून आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

२. साधनांचे स्वरूप

संगणकात किंवा भ्रमणध्वनीत ध्वनी अंकांच्या स्वरूपात साठवलेला असतो. या अंकांचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा घटक म्हणजे डिजिटल-ॲनालॉग परिवर्तक. व्यवहारात त्याला 'डॅक' म्हणतात. त्या दुर्बळ संकेताला हेडफोन चालवण्याइतके बळ देणारा घटक म्हणजे विवर्धक अथवा ॲम्प्लिफायर. पूर्वी हे दोन्ही घटक भ्रमणध्वनीतच असत व साडेतीन मिलिमीटरच्या खाचेतून ध्वनी मिळे. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून ही खाच वगळण्यात आली आणि पुढे अनेक कंपन्यांनी तोच मार्ग स्वीकारला. त्यामुळे बोटभर लांबीचे, टाइप-सी खाचेत बसणारे 'डोंगल' प्रचारात आले.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. सर्वच डोंगल सारखे नसतात. काहींमध्ये परिवर्तक व विवर्धक दोन्ही असतात. काही मात्र केवळ जोडतारा असतात आणि ज्या फोनमध्ये टाइप-सी खाचेतून ॲनालॉग ध्वनी देण्याची सोय आहे तेथेच चालतात. बिनतारी हेडफोनमध्ये परिवर्तक व विवर्धक हेडफोनच्या आतच असल्याने ही सांगड निर्मात्याने आधीच घातलेली असते. प्रस्तुत विवेचन तारेच्या हेडफोनपुरते मर्यादित आहे.

३. संवेदनक्षमता आणि संरोध

हेडफोनच्या माहितीपत्रकातील दोन आकडे निर्णायक असतात. पहिला संवेदनक्षमतेचा, म्हणजे १ मिलिवॅट शक्ती दिल्यास किती डेसिबल ध्वनी निर्माण होतो याचा. दुसरा संरोधाचा, तो ओहममध्ये मोजतात. परिवर्तकाच्या माहितीपत्रकातून कमाल व्होल्टता घ्यावी. व्होल्टतेच्या वर्गाला संरोधाने भागले की वॅटमध्ये शक्ती मिळते. शक्ती दहापट झाली की ध्वनी १० डेसिबलने आणि दुप्पट झाली की सुमारे ३ डेसिबलने वाढतो.

उदाहरणादाखल बेयरडायनॅमिक कंपनीचा डीटी ७७० प्रो हा हेडफोन पाहू. तो ८० ओहम आणि २५० ओहम अशा दोन्ही प्रकारांत मिळतो व त्याची संवेदनक्षमता ९६ डेसिबल आहे. १ व्होल्ट देणारे डोंगल घेतल्यास ८० ओहमच्या प्रकाराला १२.५ मिलिवॅट शक्ती मिळते व कमाल पातळी सुमारे १०७ डेसिबल होते. २५० ओहमच्या प्रकाराला केवळ ४ मिलिवॅट मिळतात व कमाल पातळी १०२ डेसिबलवर थांबते. नाव एक, रूप एक, परंतु एका आकड्यामुळे ५ डेसिबलचा फरक पडतो. सोनी एमडीआर-७५०६ चा संरोध ६३ ओहम आणि संवेदनक्षमता १०६ डेसिबल असल्याने त्याच १ व्होल्टवर तो सुमारे ११८ डेसिबलपर्यंत जातो. याउलट हायफायमॅन एचई-६ या हेडफोनचा संरोध अवघा ५० ओहम असूनही संवेदनक्षमता ८३.५ डेसिबल एवढीच आहे. त्यातून ११० डेसिबलची शिखरे मिळवायची तर सुमारे ४.७ व्होल्ट आणि ४५० मिलिवॅट लागतात. तेथे लहान डोंगल अपुरे पडते व स्वतंत्र विवर्धक खरोखरच आवश्यक ठरतो. 'कमी ओहमचा हेडफोन सहज चालतो' हा प्रचलित समज अपुरा आहे, हे यावरून स्पष्ट होते.

ॲपल कंपनीच्या टाइप-सी डोंगलची कमाल व्होल्टता सुमारे १ व्होल्ट असून युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रकारात ती जवळपास निम्मी आहे. काही अँड्रॉइड फोनवर हेच डोंगल पूर्ण पातळी देत नाही. म्हणून खरेदीपूर्वी साधन प्रत्यक्ष वापरावयाच्या फोनवर वा संगणकावर तपासणे इष्ट होय.

४. मुलाखतीच्या मुद्रणाला विवर्धक हवा काय?

वरील पातळ्या संकेताच्या सर्वोच्च बिंदूच्या आहेत. नीट मुद्रित झालेल्या बोलण्याची सरासरी पातळी त्याहून साधारण २० डेसिबल खाली असते. म्हणजे २५० ओहमच्या हेडफोनवरही १ व्होल्टचे डोंगल बोलणे सुमारे ८२ डेसिबलवर ऐकवू शकते. लिप्यंकनासाठी एवढी पातळी पुरेशी आहे, किंबहुना अधिकच आहे.

अडचण येते ती क्षीण मुद्रणात. ओसरीवर बसलेल्या वृद्ध निवेदिकेपासून फोन दूर ठेवलेला असतो आणि तिचा आवाज सर्वोच्च बिंदूच्या ३५ ते ४० डेसिबल खाली मुद्रित होतो. असे मुद्रण ऐकू येत नाही म्हणून विवर्धक विकत घेण्याकडे कल होतो. परंतु विवर्धक आवाजाबरोबर मुद्रणातील खरखरही तेवढीच वाढवतो. हेच काम ध्वनिसंपादनाच्या मोफत संगणकप्रणालीत मूळ धारिकेची प्रत काढून व तिची पातळी उंचावून विनाखर्च होते. खरा उपाय अर्थातच मुद्रणाच्या वेळी फोन निवेदकाजवळ ठेवणे हा आहे.

५. परिवर्तकाचा संरोध आणि ध्वनीचा तोल

तिसरा आकडा परिवर्तक-विवर्धकाच्या स्वतःच्या निर्गम संरोधाचा. तो हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून अधिक नसावा, असा व्यवहारात रूढ झालेला नियम आहे. त्याचे कारण असे की हेडफोनचा संरोध सर्व कंप्रतांना सारखा नसतो. कानात बसणाऱ्या आर्मेचर पद्धतीच्या इअरफोनचा संरोध एका कंप्रतेला ८ ओहम तर दुसऱ्या कंप्रतेला ४० ओहम आहे असे मानू. निर्गम संरोध १ ओहम असल्यास या दोन कंप्रतांच्या पातळीत ०.८ डेसिबलचा किरकोळ फरक पडतो. तो १० ओहम असल्यास फरक ५ डेसिबलवर जातो. म्हणजे मुद्रणात नसलेला चढउतार ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचतो. उच्च संरोधाच्या हेडफोनवर याच १० ओहमचा परिणाम नगण्य असतो.

बोलीच्या अभ्यासात या फरकाला महत्त्व का, हे ध्वनींच्या घडणीवरून कळते. वऱ्हाडीत 'ळ' च्या जागी 'य' येतो. 'डोळा' चा 'डोया' होतो, 'काळा' चा 'काया' होतो. 'ण' च्या जागी 'न' येऊन 'पाणी' चे 'पानी' होते. मात्र शाळेत शिकलेली पिढी एकाच वाक्यात दोन्ही रूपे वापरते आणि कोणते रूप कोठे आले हीच संशोधनाची खरी सामग्री असते. 'ळ' आणि 'य' यांतील भेद ओळखण्याच्या खुणा मुख्यतः २ ते ३ हजार हर्ट्‌झच्या परिसरात असतात. 'स' ची ऊर्जा सुमारे ४ हजार हर्ट्‌झच्या वर एकवटते, तर 'श' ची त्याहून खालून सुरू होते. या पट्ट्यांतील तोल ५ डेसिबलने ढळला तर प्रत्येक 'श' चा 'स' होईल असे नव्हे. परंतु अस्पष्ट उच्चार, मागे गुरांचा वा रहदारीचा आवाज आणि थकलेला कान अशा स्थितीत निर्णय एका बाजूला झुकू शकतो. दोन विद्यार्थी दोन वेगवेगळ्या जोड्यांवर एकच मुलाखत लिप्यंकित करीत असतील तर त्यांच्यातील मतभेद बोलीचा की साधनाचा, हे सांगता येणार नाही.

६. उच्च विभेदनाचा आग्रह

बाजारात ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्‌झ असे आकडे ठळकपणे छापलेले असतात. १६ बिट मुद्रणाचा आवाका सुमारे ९६ डेसिबल असतो आणि ४४.१ किलोहर्ट्‌झचा नमुना-दर २२ हजार हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी सामावून घेतो. मानवी श्रवणाची मर्यादा सुमारे २० हजार हर्ट्‌झ आहे. बोलणे ऐकण्यासाठी याहून मोठ्या आकड्यांचा उपयोग नाही. वर्ध्यात गांधीविचाराच्या अभ्यासकांना गांधीजींचा १९३१ मध्ये लंडनला तबकडीवर मुद्रित झालेला संदेश ऐकावा लागतो. त्या काळच्या तबकडीत जो कंप्रतापट्टा उतरलाच नाही, तो कोणताही परिवर्तक निर्माण करू शकत नाही. परिवर्तकात पाहावयाचा खरा गुण म्हणजे शांतता. संवेदनशील इअरफोन लावून, काहीही न वाजवता, शांत खोलीत सूं असा आवाज येत असेल तर ती जोडी लिप्यंकनास अयोग्य समजावी.

७. श्रवणसुरक्षा

जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या २०१८ च्या मानकानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल पातळीवर आठवड्याला ४० तास ही सुरक्षित श्रवणाची मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित काळ निम्मा होतो. ८९ डेसिबलवर तो आठवड्याला ५ तास उरतो. एका तासाच्या मुलाखतीच्या लिप्यंकनाला कित्येक तास लागतात आणि अवघड वाक्य पुन्हापुन्हा ऐकावे लागते. त्यामुळे लिप्यंकनकार हा संगीत ऐकणाऱ्यापेक्षा अधिक जोखमीत असतो.

वैदर्भीय उन्हाळा या जोखमीत भर घालतो. एप्रिल-मे महिन्यांत कुलर बंद ठेवून काम करणे अशक्यप्राय असते आणि कुलरच्या घरघरीवर मात करण्यासाठी आवाज नकळत वाढवला जातो. पाठीमागून उघड्या रचनेचे हेडफोन येथे गैरसोयीचे ठरतात. कान पूर्ण झाकणाऱ्या बंद रचनेच्या हेडफोनमुळे बाहेरचा आवाज कमी होतो व कमी पातळीवर काम भागते. अधिक शक्तीचा विवर्धक या समस्येवरचा उपाय नसून ती वाढवणारे साधन आहे. १६ ओहम व १०५ डेसिबल संवेदनक्षमतेचा इअरफोन १ व्होल्टवर १२३ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. २ व्होल्टच्या साधनावर हा आकडा १२९ होतो. अशा जोडीत बोटाचा एक चुकीचा स्पर्शही घातक ठरू शकतो.

८. उपाययोजना

भाषा विभागांना पुढील बाबी अल्प खर्चात अमलात आणता येतील. एका प्रकल्पातील सर्व लिप्यंकनकारांनी एकाच प्रकारची जोडी वापरावी. खरेदीपूर्वी संवेदनक्षमता, संरोध, कमाल व्होल्टता आणि निर्गम संरोध हे चार आकडे कागदावर मांडून कमाल पातळी काढावी. हे गणित भौतिकशास्त्र विभागाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांकडूनच करून घेता येईल. सोयीस्कर पातळी एकदा ठरवून तिची खूण करावी. संशयास्पद उच्चार दुसऱ्या जोडीवर ऐकावेत आणि ॲमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोएर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी विकसित केलेल्या 'प्राट' या मोफत प्रणालीत त्यांचा वर्णपट तपासावा. ऐकण्याच्या साधनाची नोंद मुद्रणयंत्राप्रमाणेच अहवालात करावी.

९. समारोप

बोलीचे मुद्रण हा पुन्हा न मिळणारा ठेवा असतो. निवेदक निघून जातात आणि रूपे लोपतात. असा ठेवा मुद्रणाच्या वेळी जेवढ्या काटेकोरपणे जपला जातो, तेवढ्याच काटेकोरपणे तो ऐकला गेला पाहिजे. त्यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. १ व्होल्टचे साधे परिवर्तक, १ ओहमच्या आसपासचा निर्गम संरोध आणि मध्यम संरोधाचा, बंद रचनेचा, पुरेसा संवेदनक्षम हेडफोन एवढी सामग्री बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्यात आहे. आवश्यकता आहे ती साधन विकत घेण्यापूर्वी चार आकडे वाचण्याची आणि 'डोया' की 'डोळा' हे ठरवताना आपण नेमके कशातून ऐकत आहोत याचे भान ठेवण्याची.