मत्स्यपेटीवरील दिव्यांचे संरक्षण

शोभिवंत मासे पाळण्याचा जोडधंदा करणाऱ्यांना एक अडचण नेहमी जाणवते. हवापंपाचे बुडबुडे पृष्ठभागावर फुटले की बारीक तुषार उडतात व वरील दिव्यावर बसतात. विहिरीचे पाणी जड असल्यास दिव्यावर क्षारांचा पांढरा थर जमून उजेड मंदावतो व जोडणीचे भाग गंजतात. याहून गंभीर गोष्ट अशी की, ओल्या जोडणीतून वीज पाण्यात उतरल्यास पेटीत हात घालणाऱ्याच्या जिवावर बेतते.

यावर उपाय म्हणून पुष्कळजण पेटीचे तोंड काचेने घट्ट बंद करतात. परंतु हा उपाय माशांच्या मुळावर येतो. हवेतील प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. शिवाय पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. बंद पेटीत उष्णता कोंडते व हवेची ये-जा खुंटते. त्यातच वीज जाऊन पंप थांबला, तर दाटीच्या पेटीतील मासे वर येऊन धापा टाकू लागतात. गुरामी व फायटर हे मासे तर पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतात.

तेव्हा आडोसा दिव्याला करावा, पाण्याला कोंडू नये. कडा घासलेली काच पेटीवर ठेवून मागील बाजूस दोन बोटे रुंदीची फट सोडावी. काचेची पुढील कड किंचित उचलून ठेवावी. म्हणजे थेंब मागे ओघळून पेटीतच पडतात व हवाही खेळती राहते. मासे उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून मोकळ्या जागी नायलॉनची जाळी लावावी. बुडबुडे सोडणारा दगड फटीखाली न ठेवता काचेखाली ठेवावा. दिवा काचेवर न टेकवता चार बोटे वर पक्का बसवावा. एल.ई.डी. दिवा घेताना त्यावर ‘आयपी ६५’ अथवा त्याहून वरच्या दर्जाची खूण पाहावी. वायरीला प्लगच्या पातळीखाली झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथेच गळून पडते. अर्थिंग तपासून घ्यावे आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आर.सी.सी.बी. जाणत्या तारतंत्र्याकडून बसवून घ्यावे.

आठवड्यातून एकदा काच काढून धुवावी. क्षारांचे डाग लिंबाच्या रसाने निघतात. नंतर काच स्वच्छ पाण्याने खळबळून घ्यावी. आणि पेटीत हात घालण्यापूर्वी प्लग काढण्याची सवय घरातील प्रत्येकाने, विशेषतः मुलांनी, अवश्य लावून घ्यावी.