पोटातला बिऱ्हाडकरू घशात राहतो का?

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात पोटात जळजळ झाली की पहिला आरोप तिखटावर, दुसरा संत्र्यावर. 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा होऊन या भागाचा जिल्हा झाला. कचेरीचा कागद हिंदीत, पण दुखणं मराठीतच सांगायचं आणि मोठ्या तपासणीला नागपूर गाठायचं, हे तसंच आहे. संत्र्यावरचा आरोप मात्र अन्यायाचा. संत्र्याच्या रसाचा पीएच साधारण साडेतीन, तर उपाशी जठरातला दीडच्या आसपास. म्हणजे जठरातलं आम्ल शंभरपट तीव्र. अशा जागी जंतू बिऱ्हाड करील, हे डॉक्टरांनाही पटत नव्हतं.

पर्थच्या रॉबिन वॉरन यांना 1979 मध्ये जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. त्यांचे सहकारी बॅरी मार्शल ते वाढवू पाहत होते, पण वाढेनात. 1982 च्या ईस्टरच्या सुट्टीत बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस उबवणीत राहिल्या आणि जंतू उगवला. सगळा खोळंबा घाईचा होता. 1984 मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. त्याची युक्ती साधी. युरिएज नावाच्या विकराने तो युरियाचा अमोनिया करतो आणि स्वतःभोवतीचं आम्ल मारतो. भारतात त्याची लागण बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात होते. मग पोटात जाण्याआधी तो तोंडात, टॉन्सिलच्या खाचांत किंवा नाकामागच्या ॲडेनॉइडमध्ये मुक्काम करतो का?

1991 मध्ये मुंबईच्या एच. जी. देसाई आणि सहकाऱ्यांनी अपचनाच्या रुग्णांच्या दातांवरचं किटण तपासलं. जवळजवळ सगळ्यांत जंतू असल्याचं त्यांना आढळलं. औषधांनी जठर स्वच्छ झालं, किटण नाही. म्हणजे हाच कायमचा साठा, असा संशय बळावला. 1997 मध्ये मिनोचा आणि सहकाऱ्यांनी टॉन्सिल काढलेल्यांत लागण कमी असते का, हेही विचारलं. पुढे तुर्कस्तान-इराणपर्यंत काढलेल्या टॉन्सिलांची तपासणी झाली. कुणाला जंतू सापडला, कुणाला मुळीच नाही.

मला यात जंतूपेक्षा चाचणी संशयास्पद वाटते. झटपट चाचणीत तुकडा युरियात ठेवतात. अमोनिया झाला की रंग पालटतो. जठरात हे ठीक, कारण तिथे दुसरे भाडेकरू फारसे टिकत नाहीत. घसा म्हणजे आठवडी बाजार. लाळेतल्या स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हॅरियससारख्या जंतूंकडेही युरिएज असतं. रंग त्यांच्यामुळेही बदलतो. पीसीआर या जनुक-चाचणीत हेलिकोबॅक्टरचं जनुक सापडलं तरी तो तिथे राहतो की ढेकरेबरोबर येऊन गेला, हे कळत नाही. म्हणून या जंतूने होणाऱ्या अल्सरसाठी पोराचे टॉन्सिल कापायला नेऊ नये. पोर तोंड उघडं टाकून घोरतं, श्वास अडतो, घसा वारंवार सुजतो, ही कारणं वेगळी.

जंतू मारायच्या गोळ्यांचा कोर्स संपल्यावर तो गेला का हे पाहायला किमान चार आठवड्यांनी श्वासाची चाचणी करतात. युरिया पाजायचा आणि फुंकर तपासायची. इथेही तोंडातले जंतू आधी खोटी हजेरी लावतात, म्हणून थोडं थांबून फुंकर घेतात. युरिया जठरात रेंगाळावा म्हणून सोबत आंबट पेय देतात. ब्रिटनमध्ये त्यासाठी चक्क संत्र्याचा रस वापरला गेला आहे.