खांद्याच्या दुखण्यासाठी सोनोग्राफी कशाला?



सोनोग्राफी म्हटले की आपल्या पिढीला गरोदरपण किंवा पोटाचा विकार आठवतो. इथले डॉक्टर तिलाच अल्ट्रासाऊंड म्हणतात. त्यांनी ती खांद्यासाठी लिहून दिली की आपले ज्येष्ठ सभासद गोंधळतात. मी निवृत्त सोनोग्राफी तंत्रज्ञ. आयसेलिनला आपल्या मंदिरात प्रसादाच्या रांगेत मला हा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खांद्याभोवतीचे चार स्नायू ज्या चिवट पट्ट्यांनी हाडाला जोडलेले असतात, त्यांना कंडरा म्हणतात. या चार कंडरा दंडाच्या हाडाच्या गोळ्यावर टोपीसारख्या बसतात. हाच ‘रोटेटर कफ’. घंटा वाजवायला हात वर नेताना किंवा आरती ओवाळताना काम त्यांचेच. वयाबरोबर त्या जुन्या धोतरासारख्या विरतात. इथल्या हिवाळ्यात बर्फावर घसरून हात टेकला, तर एकदम फाटूही शकतात.

एक्स-रेमध्ये हाड दिसते, कंडरा दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते; पण तो महाग, बंद नळीत पडून राहावे लागते आणि पेसमेकर असेल तर आधी चौकशी करावी लागते. सोनोग्राफीत आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या ध्वनिलहरी आत जाऊन परततात व त्यांचे चित्र बनते. निरोगी कंडरा त्यात उजळ, धाग्याधाग्यांची दिसते. फाटली असेल तिथे बहुधा काळी फट दिसते. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, उपाशी राहणे नाही. स्टुलावर बसायचे, तंत्रज्ञ सांगेल तसा हात मागे न्यायचा किंवा फिरवायचा. साधारण अर्ध्या तासात काम होते.

मर्यादाही आहेत. पूर्ण फाटलेली कंडरा चांगली ओळखता येते, अर्धवट फाटलेली कधी निसटते. सांध्याच्या खोल भागातले नीट दिसत नाही. तपासणाऱ्याचा हात सरावलेला असावा लागतो.

हात वर जात नाही म्हणजे ‘फ्रोझन शोल्डर’, असे आपण घरीच ठरवून टाकतो. मधुमेह्यांमध्ये तो जास्त आढळतो हे खरे. पण त्यात सांधाच जखडतो, दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नाही. कंडरा फाटली असेल तर दुसऱ्याने उचललेला हात बहुधा वर जातो, स्वतःला मात्र उचलता येत नाही. पडल्यानंतर असे झाले तर महिनोन्‌महिने तेल चोळत बसू नका. फाटलेली कंडरा मागे ओढली जाते, स्नायूत चरबी भरते आणि मग ती शिवणे अवघड होते. काही दिवसांतच डॉक्टरांना दाखवा.

उलट, रिपोर्टमध्ये ‘टेअर’ शब्द वाचून घाबरूही नका. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील डॉक्टरांनी एकच खांदा दुखणाऱ्या ५८८ जणांचे दोन्ही खांदे सोनोग्राफीने तपासले. ते संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. कंडरा शाबूत असलेल्यांचे सरासरी वय सुमारे ४९, एका बाजूची फाटलेल्यांचे ५९ आणि दोन्ही बाजूंच्या फाटलेल्यांचे ६८ निघाले. म्हणजे न दुखणाऱ्या खांद्यातही फाट असू शकते. झिजून हळूहळू फाटलेल्या कंडरेवर अनेकांना व्यायामाने आराम पडतो. शस्त्रक्रियेचा निर्णय चित्र, वय आणि हाताची ताकद मिळून होतो.

तपासणीला जाताना सैल कपडे घाला. भगिनींनी स्त्री तंत्रज्ञ हवी असल्यास वेळ ठरवतानाच सांगावे. मेडिकेअरचा पार्ट बी असेल, तर वार्षिक डिडक्टिबल भरल्यावर मान्य खर्चाचा साधारण २० टक्के भाग आपल्याकडे येतो. तरी आधी विचारून घ्या. आणि डाव्या खांद्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर सोनोग्राफीचा विचार नको. लगेच ९११ फिरवा.

आपल्यातले कित्येक ज्येष्ठ केवळ गाडी नाही आणि इंग्रजीत दुखणे सांगता येत नाही, म्हणून दवाखाना टाळतात. ज्यांना महिन्यातून एक सकाळ देता येईल, गाडी चालवता येईल किंवा दुभाष्याचे काम करता येईल, त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. ज्यांना सोबत हवी आहे त्यांनीही संकोच न करता कळवावे. पैशाच्या देणगीइतकीच ही सोबतही मोलाची आहे.

आपला नम्र,
एक सेवेकरी