खिळा आणि स्क्रू : सुतारकामाचा पहिला धडा

सुतारकाम शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास खिळा आणि स्क्रू सारखेच वाटतात. वस्तुतः त्यांची लाकूड धरण्याची रीत भिन्न आहे. खिळा लाकडाचे तंतू बाजूला सारून आत शिरतो व त्यांच्याच दाबाने घट्ट बसतो. स्क्रूचे आटे तंतूंमध्ये रुततात. म्हणून तो ओढल्याने सहजी निघत नाही. पूर्वी हे आटे कानशीने हाताने कोरावे लागत. इंग्लंडमध्ये १७६० साली वायट बंधूंनी यंत्राने स्क्रू घडविण्याचे पेटंट घेतले.

खिळ्याची लांबी वरच्या फळीच्या जाडीच्या सुमारे तिप्पट असावी. फळीच्या टोकाजवळ ठोकताना त्याची अणी किंचित बोथट करावी; तीक्ष्ण अणी पाचरीसारखी लाकूड फाडते, बोथट अणी तंतू चिरडत आत जाते. एकाच रेषेवर अनेक खिळे ठोकल्यासही फळी चिरते.

स्क्रूसाठी आधी छिद्र पाडावे : वरच्या फळीत दांडा सैल जाईल एवढे, खालच्या लाकडात आट्यांमधील गाभ्याएवढे. वरचे छिद्र अरुंद राहिल्यास दोन फळ्यांत फट उरते. कठीण लाकडात आट्यांना मेण लावल्यास स्क्रू तुटत नाही.

चौकट खिळ्यांनी चालेल. परंतु ज्या बाकावर मुले रोज बसणार, उठणार, त्याचे सांधे हलून खिळे हळूहळू वर येतात. तेथे स्क्रूच वापरावा. चार स्क्रूंचा वाढीव खर्च मुलांच्या सुरक्षिततेपुढे नगण्य आहे, हे विद्यार्थ्यांना प्रथमच सांगावे.