‘१००% कॉटन’ तर ठीक, पण कुणाचं कॉटन? कस्तुरी, क्यूआर कोड आणि ब्लॉकचेन समजून घेऊया

तुम्ही आत्ता जो टी-शर्ट घातलाय त्याच्या आतलं लेबल जरा बघा. ‘१००% कॉटन’ लिहिलेलं असेल, ‘मेड इन इंडिया’ किंवा ‘मेड इन बांगलादेश’ असेल, इस्त्री कशी करायची तेही असेल. पण तो कापूस कुठे पिकला? हे बहुतेक लेबलांवर नसतंच. कपडा जिथे शिवला त्या देशाचं नाव येतं, कापूस जिथे पिकला त्या देशाचं येत नाही.

भारत सरकारने हे बदलायचं ठरवलं आणि त्यासाठी आपल्या कापसाला एक ब्रँड दिला: ‘कस्तुरी कॉटन भारत’. त्यामागे क्यूआर कोड आहे, ब्लॉकचेन आहे. हे सगळं चालतं कसं आणि शेतकऱ्याला त्यातून काही मिळतं का, हे आज पाहू.

कापसाला ब्रँड कशाला हवा?

याचं उत्तर अमेरिकेत सापडतं. १९६० साली तिथल्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या कापडात कापसाचा वाटा ७८ टक्के होता. मग पॉलिएस्टर आलं. धुवा, वाळवा, इस्त्रीची कटकट नाही. १९७५ पर्यंत कापसाचा वाटा ३४ टक्क्यांवर घसरला.

पॉलिएस्टरच्या मागे मोठमोठ्या रसायन कंपन्या होत्या. त्यांच्याकडे प्रयोगशाळा होत्या आणि जाहिरातींसाठी पैसा होता. एकट्या शेतकऱ्याकडे यातलं काहीच नव्हतं. म्हणून १९६६ साली तिथे एक कायदा झाला आणि शेतकऱ्यांनी प्रत्येक गाठीमागे ठरावीक रक्कम एका निधीत द्यायला सुरुवात केली. आज ही रक्कम गाठीला १ डॉलर आणि वर किमतीच्या अर्धा टक्का इतकी आहे. या पैशातून १९७० साली ‘कॉटन इनकॉर्पोरेटेड’ ही संस्था उभी राहिली. कापसाच्या बोंडाचं चित्र असलेला तिचा शिक्का १९७३ साली बाजारात आला.

संस्थेने नुसत्या जाहिराती केल्या नाहीत. सुरकुत्या कमी पडणारं सुती कापड, काढणीची यंत्रं, धाग्याची मोजणी यांवरही खर्च केला. माल सुधारायचा आणि लोकांना ते सांगायचंही, अशी दोन्ही कामं एकाच पैशातून झाली. पुढच्या काळात कापसाने गमावलेला बराच बाजार परत मिळवला.

मग आपण मागे होतो का?

संशोधनात अजिबात नाही. मुंबईत माटुंग्याला कापसाच्या तंत्रज्ञानावर काम करणारी प्रयोगशाळा १९२४ साली सुरू झाली. तीच आज ‘सिरकॉट’ म्हणून ओळखली जाते. व्यापारी लागवडीसाठीचं जगातलं पहिलं संकरित कापसाचं वाण, एच-४, डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरतला तयार केलं, तेही १९७० साली. १९७६ पासून नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. लागवडीखाली असलेल्या कापसाच्या चारही प्रजाती भारतात पिकतात.

कमी पडलो ते नाव कमावण्यात. ‘इजिप्शियन कॉटन’ म्हटलं की चादरीची किंमत वाढते. ‘इंडियन कॉटन’ म्हटलं की परदेशी गिरणीवाला आधी कचरा किती ते विचारतो. रुईत पोत्याचे धागे, प्लॅस्टिकचे तुकडे, केस सापडतात ही आपली जुनी बदनामी.

म्हणून ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, ‘कस्तुरी’ हे नाव आणि बोधचिन्ह जाहीर झालं. डिसेंबर २०२२ मध्ये भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, आणि टेक्सप्रोसिल यांच्यात करार झाला. बजेट ३० कोटी रुपये, त्यातले १५ कोटी उद्योगाचे.

तंत्रज्ञान कसं चालतं?

सोप्या पायऱ्यांत बघू.

१. मोजणी: जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि उरलेल्या रुईची गाठ बांधतात. आपल्याकडे एक गाठ १७० किलोची. तिचा नमुना एचव्हीआय नावाच्या यंत्रावर तपासतात. धाग्याची लांबी, ताकद, जाडी-परिपक्वता (याला ‘मायक्रोनेअर’ म्हणतात), रंग आणि कचरा यांचे आकडे मिळतात. ठरलेल्या निकषांत बसली तरच ती गाठ कस्तुरी.

२. ओळख: पास झालेल्या गाठीला क्यूआर कोड लागतो. तुमच्या आधारसारखा, प्रत्येक गाठीचा वेगळा.

३. नोंद: गाठ सूतगिरणीत गेली, सुताचं कापड झालं, कापडाचे कपडे झाले, की प्रत्येक टप्प्याची नोंद ब्लॉकचेनवर होते. ब्लॉकचेन म्हणजे अशी हिशेबाची वही, जिच्या प्रती अनेकांकडे आहेत. एकाने गुपचूप पान फाडलं किंवा आकडा खोडला तर बाकीच्या प्रतींशी मेळ बसत नाही आणि चोरी उघडी पडते.

यात वजनाचा हिशेब फार कामाचा. १०० गाठींची रुई घेणाऱ्या गिरणीला १५० गाठींचं ‘कस्तुरी’ सूत विकता येऊ नये, हे सॉफ्टवेअर बघू शकतं.

आणि याची गरज खरंच आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकान साखळीने भारतातल्या वेलस्पनशी व्यवहार थांबवले. कारण ‘इजिप्शियन कॉटन’ म्हणून पुरवलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-उशांच्या अभ्र्यांत दुसराच कापूस निघाला. डोळ्यांनी बघून हा फरक कळत नाही. त्यामुळे नावामागे नोंद नसेल तर नाव काही कामाचं नाही.

ब्लॉकचेनला काय दिसत नाही?

वहीत जे लिहिलं ते बदलता येत नाही, हे खरं. पण चुकीचं लिहिलं असेल तर तेही तसंच राहतं! खऱ्या गाठीचा टॅग दुसऱ्याच गाठीला लावला तर वहीला कळणार नाही. तिथे माणसाची तपासणी लागतेच.

दुसरी मर्यादा मला जास्त महत्त्वाची वाटते. ही साखळी जिनिंगपासून सुरू होते, शेतापासून नाही. थोडं गणित करू. एका गाठीला साधारण ५ क्विंटल कापूस लागतो. भारतात हेक्टरी सरासरी ४५० किलोच्या आसपास रुई निघते, म्हणजे एकरी जेमतेम एक गाठ. (जगाची सरासरी याच्या दीडपटीहून जास्त आहे.) दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याचा कापूस म्हणजे फार तर एका ट्रॉलीचा माल. जिनिंगच्या आवारात तो बाकीच्यांच्या ढिगावर ओतला, की कुणाचा कुठला हे संपलं.

मी कापूस पट्ट्यात वाढलो. हंगामात घरातली एक खोली छतापर्यंत कापसाने भरलेली असायची, भाव वाढेल या आशेने. त्या कापसात दव सुकल्यावर वेचलेला, कवडी बाजूला काढलेला माल किती आणि घाईत भरलेला किती, हे घरच्यांना माहीत असायचं. बाजारात व्यापारी मूठभर कापूस घेतो, धागा ओढून बघतो आणि गाडीचा एकच भाव सांगतो. नीट वेचण्यासाठी मजूर जास्त वेळ घेतो, मजुरी वाढते. ते पैसे भावात परत येणार नसतील तर कोण कशाला वेचेल?

सरकारी खरेदीत भाव धाग्याच्या लांबीवर आणि ओलाव्यावर ठरतो. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की कपात, १२ च्या वर गेला की सीसीआय घेतच नाही. याच हंगामापासून नोंदणी आणि स्लॉटसाठी ‘कपास किसान’ हे अ‍ॅप आलंय. म्हणजे शेतकऱ्याची डिजिटल नोंद आता एका बाजूला आहे आणि गाठीचा क्यूआर कोड दुसऱ्या बाजूला. मधला दुवा जोडायचा बाकी आहे.

पुढे काय?

गुलाबी बोंडअळीसाठी कॅमेरा बसवलेले कामगंध सापळे आलेत. सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे फोटो निघतात, एआय ते मोजतो आणि शेतकऱ्याच्या फोनवर सूचना येते. २०२५ च्या बजेटमध्ये पाच वर्षांचं कापूस उत्पादकता मिशनही जाहीर झालं. दोन्ही चांगलंच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे: कस्तुरी यशस्वी झाली का, हे परदेशात किती टी-शर्ट विकले यावरून ठरवू नये. स्वच्छ कापूस आणणाऱ्याला क्विंटलमागे चार पैसे जास्त मिळाले का, यावरून ठरवावं.

तुम्ही काय करू शकता?

- घरी शेती असेल तर कापूस प्लॅस्टिकच्या पोत्यांऐवजी सुती कापडाच्या झोळीत वेचा. कवडी आणि फरदडीचा माल वेगळा ठेवा.
- ‘कपास किसान’वर नोंदणी करायला घरच्या मोठ्यांना मदत करा. ओटीपीच्या भानगडीत बरेच जण अडकतात.
- कपड्यावर ‘कस्तुरी’चं चिन्ह दिसलं तर कोड स्कॅन करा. माहिती उघडली नाही तर दुकानदाराला विचारा. गिऱ्हाईक विचारत नाही तोवर दुकानदारही पुढे कुणाला विचारत नाही.

तुमच्या भागात यंदा कापसाला काय भाव मिळाला? कमेंटमध्ये नक्की सांगा.